बाई डावीकडे सरकते

दादा: डोळे मीट. आता ही ओळ ऐक आणि सांग, बाई कुठे उभी आहे?

साउंडवाला: डावीकडे.

दादा: किती डावीकडे?

साउंडवाला: एखादं पाऊल. डाव्या स्पीकरच्या अंगावर रेलून गातेय म्हणा ना.

दादा: चला, म्हणजे मला वेड लागलेलं नाही. हे जरा तुझ्या वहिनीला मोठ्याने सांग.

वहिनी: वहिनी दारातच उभी आहे, ट्रे घेऊन. भाऊ, आधी चहा घ्या. आणि मला एकदा नीट समजावून सांगा, माझ्या घरात ही जी परकी बाई उभी असते, ती एक पाऊल इकडे झाली काय नि तिकडे झाली काय, बिघडतं कुठे?

साउंडवाला: वहिनी, म्हणजे कसंय, दोन स्पीकर आणि ही खुर्ची. तिघांमधलं अंतर सारखं ठेवायचं, दोन्ही डब्यांची तोंडं खुर्चीकडे वळवायची. हे जमलं की गाणारीचा आवाज डब्यातून यायचा थांबतो. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो. वाटतं, माणूसच समोर उभं आहे. हात पुढे केला तर खांद्याला लागेल.

वहिनी: यांचा हात पुढे जाऊ नये म्हणूनच विचारतेय.

दादा: झाली तुझी थट्टा? अगं, दिवसभर दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो मी. केसभर काच तिरकी असली तर गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं. माझं घरी येऊन दुखतं, एवढंच.

वहिनी: आणि मी दिवसभर वॉर्डात पेशंट उचलते. घरी येऊन मला बसायला खुर्ची लागते. ती रिकामी असते, पण तिच्यावर बसायचं नाही. भाऊ, तुम्हाला माहितीये, माझा सख्खा भाऊ आला होता, चुकून बसला, तर हे त्याच्या अंगावर धावून गेले.

दादा: बसला म्हणून नाही. सरकवून बसला.

साउंडवाला: नाही सरकली अजून. पाय लादीवर चिकटवलेल्या खुणेच्या पट्ट्यांच्या आत आहेत, मी बघितलं आल्या आल्या. खुर्चीचे चारही पाय जागच्या जागी.

दादा: मग? मागच्या खेपेला तू असंच म्हणालास. त्याच्या आधीच्या खेपेलाही. दोन्ही वेळा बाईला मध्ये आणून दिलंस आणि पुन्हा ती डावीकडे. मी तर कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. म्हटलं, उजवा कान गेला असेल आपला. तो म्हणाला, तुमचे कान पोरासारखे आहेत.

वहिनी: फक्त कान.

साउंडवाला: दादा, खरं सांगू? दोन्ही वेळा मला डावा डबा जरा मान वर केलेला दिसला. म्हणून वरचे नट फिरवले नि सरळ केला. म्हटलं, पाइपचे आटे ढिले होत असतील. मोठ्या आवाजात होतं तसं.

वहिनी: मुळात ते छताला टांगलेत कशाला? लोक जमिनीवर ठेवतात की.

साउंडवाला: दादांनाच हवं होतं. जमिनीवर ठेवले की लादी घुमते, खालचे सूर पसरतात. छताला लोखंडी प्लेट ठोकली, तिला पाइप, पाइपला डबा. लटकला तरी हलायचं काम नाही. अशी स्वच्छ ऐकण्याची खोली मी तरी दुसरीकडे केली नाही. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत तुमच्या खोलीचे, नव्या गिऱ्हाइकांना तेच दाखवतो.

दादा: फोटो राहू दे. आज कायमचा बंदोबस्त कर.

साउंडवाला: म्हणून तर लेसर आणलाय. हा बघा, डाव्या डब्याच्या डोक्यावर चिमट्याने बसवला. आता याचा लाल ठिपका कुठे पडतो बघा. खुर्चीच्या पाठीवर हे बटण आहे ना, मान टेकायच्या जागी, ठिपका तिथे पडला पाहिजे.

दादा: चार बोटं वर पडलाय.

साउंडवाला: हो. म्हणजे डब्याने चार बोटं मान वर केलीय. मागच्या दोन्ही खेपांना मी नुसत्या नजरेने केलं होतं. आता मोजून करतो. ती शिडी धरा जरा. हां... एक आटा... अजून... येतोय का खाली?

दादा: येतोय. अजून जरा. अजून. बस! बटणावर आला.

साउंडवाला: आता बसा आणि गाणं लावा.

वहिनी: लावा एकदाचं. तोवर मी आईंना चहा देऊन येते वर. आणि अहो, त्या पुन्हा विचारत होत्या, त्याने गाणी लावायची बंद केली का म्हणून.

दादा: रोज तर लावतो.

वहिनी: मी तेच सांगितलं. म्हणाल्या, मग माझ्यापर्यंत येत का नाहीत?

दादा: भिंतीला हे आवाज पिणारे पॅनेल लावलेत ना, त्यामुळे. आणि तिचे कानही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. वयच झालंय.

वहिनी: दुसऱ्याच्या कानाला मात्र वय असतं. बरं, आणि सुताराला फोन करा. त्यांचं दार पुन्हा लागत नाहीये. चौकटीला घासतं.

दादा: आत्ताच तर रंधा मारून गेला तो.

वहिनी: दोनदा मारून गेला. दार निम्मं झिजलं, तरी घासतंय. मी म्हटलं त्याला, अरे बाबा, शेवटी नुसती कडी उरेल हातात.

दादा: हवेचं आहे ते. लाकूड फुगतं. जा तू, मला ऐकू दे.

साउंडवाला: कशी आहे बाई?

दादा: अहाहा.

साउंडवाला: मध्ये?

दादा: अगदी मध्ये. श्वास घेतलेला ऐकू येतोय रे. लेका, तुझ्या हातात जादू आहे.

साउंडवाला: नटात आहे. बसून राहा, मी एकदा ठिपका... अरे, तो तुमच्या कपाळावर आलाय, दादा. बरोब्बर मध्ये. उठा जरा.

दादा: राहू दे की एवढं कडवं.

साउंडवाला: नाही, उठा. बघवत नाही ते. कुणीतरी नेम धरल्यासारखं दिसतंय.

दादा: घे, उठलो. आहे ना बटणावर?

साउंडवाला: आहे. म्हणजे आता... थांबा. तुम्ही पाइपला हात लावला का?

दादा: मी इथे, पाइप तिथे. का?

साउंडवाला: ठिपका हलला. वर गेला, बोटभर. आता पुन्हा खाली आला. बघा, बघा, पुन्हा.

दादा: ट्रक गेला असेल रस्त्यावरून.

साउंडवाला: गाणं बंद करा. हा कसला आवाज? टक, टक?

दादा: आईचा वॉकर. ती उठली असेल चहाला. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून दिवसातून थोडी पावलं टाकते. हीच खोली तिची, बरोबर आपल्या डोक्यावर.

साउंडवाला: टक झालं की ठिपका वर. बघा तुम्ही. टक... वर. आता?

दादा: आता थांबली ती. खाली आला की ठिपका.

साउंडवाला: बटणावर आला?

दादा: जवळपास.

साउंडवाला: दादा, जवळपास हा शब्द मी तुमच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकतोय. बटणाच्या वर आहे तो. गेला तेवढा परत आलेला नाही.

दादा: मग फिरव अजून एक आटा.

साउंडवाला: आटा ढिला नाहीये. मी आत्ता कसलाय, पाना घसरला नाही. नट जागचा हललेला नाही, पाइप हललेला नाही. प्लेट छताला घट्ट आहे. मग काय हललं?

दादा: तू मला विचारतोस? यातला जाणकार तू.

साउंडवाला: छत हलतंय, दादा.

दादा: काहीतरी बोलू नको. म्हातारं माणूस चार पावलं चाललं म्हणून छत हलतं का कुठे?

साउंडवाला: नाही हलत. तेच म्हणतोय.

वहिनी: कशाचं छत? काय झालं, दोघांची तोंडं अशी का? आणि हे धरा, आईंचा लोकरीचा गुंडा. पलंगाखाली कोपऱ्यात गेला होता, पुन्हा. हल्ली हातातून काहीही सुटलं की त्याच कोपऱ्यात जातं. गुंडा, गोळ्यांची डबी, परवा लिंबू. मी हसले, म्हटलं, आई, तुमच्या खोलीत कुणीतरी बोलावतंय सगळ्यांना.

साउंडवाला: कुठला कोपरा, वहिनी?

वहिनी: त्यांच्या उशाशी. भिंतीतून पुढे आलेला तो कोपरा आहे ना, त्याच्या पायाशी.

साउंडवाला: आणि ती जागा खाली आपल्या या खोलीत कुठे येते?

वहिनी: ही काय. या डाव्या भिंतीपाशी. हे काळं पॅनेल आहे तिथेच.

साउंडवाला: दादा.

दादा: काय?

साउंडवाला: मी पहिल्यांदा खोली बघायला आलो, तेव्हा इथे भिंतीतून पुढे आलेला एक चौकोनी भाग होता. मला आठवतंय. मी म्हणालो होतो, हा मध्ये येतोय, डाव्या डब्याचा आवाज याच्यावर आपटून लवकर कानात येतो, हा नसता तर बाई खिळा मारल्यासारखी मध्ये उभी राहिली असती. म्हणालो होतो ना?

दादा: म्हणाला असशील.

साउंडवाला: मग स्पीकर टांगायला आलो, तर इथे सरळ भिंत आणि हे पॅनेल. मी समजलो, प्लायवूडचा खोका असेल, काढला तुम्ही. विचारलंसुद्धा नाही मी. खोली एवढी सुरेख जुळली होती की मला आनंदच झाला.

वहिनी: खोका? कसला खोका? तो तर या घराचा... अहो. अहो, माझ्याकडे बघा. तो भाग कुठे गेला?

दादा: थोडा तासून घेतला.

वहिनी: काय घेतला?

दादा: तू बहिणीकडे गेली होतीस ना, तेव्हा. धुळीचा त्रास नको म्हणून तू नसतानाच उरकून टाकलं. सगळा नाही काढला. अर्धाच.

वहिनी: वर आईंच्या उशाशी तो तसाच उभा आहे. त्यांनी त्याच्यावर घड्याळ टांगलंय. म्हणजे तो वरून येतो, इथून खाली जातो. त्याला काय म्हणतात, मला लोकांच्या पायांना पट्ट्या बांधणारीला कळतंय, आणि तुम्हाला नाही कळलं?

दादा: खांब नाही गं तो, नुसता कोपरा आहे. शोभेचा. जुन्या बांधकामात असतात तसे.

साउंडवाला: गवंडी काय म्हणाला?

दादा: पहिला आला होता, त्याने हात लावायला नकार दिला. या लोकांना काम टाळायला निमित्त लागतं. दुसरा म्हणाला, अर्धा काढला तर काही होत नाही.

साउंडवाला: आत लोखंड लागलं का?

दादा: चहा गार होतोय तुझा, घे आधी.

वहिनी: ते विचारताहेत ना? सांगा.

दादा: लागल्या सळया. पुढच्या दोन कापल्या. मागच्या ठेवल्या, हात लावू दिला नाही मी.

वहिनी: पॅनेल काढा.

दादा: आत्ता? ते चिकटवलंय. निघताना फाटेल.

वहिनी: जखम बघितल्याशिवाय मी कुणाला नवी पट्टी लावत नाही. तुम्ही दोघं इतके दिवस वरून पट्ट्याच लावताय. भाऊ, काढा ते.

साउंडवाला: पाना द्या तो. हं... आलं सुटून. हळू, हळू, सगळं एकदम ओढू नका... अरे देवा.

वहिनी: ही पांढरी पूड कसली सांडतेय?

साउंडवाला: हात लावू नका. लांब व्हा. दादा, तुम्ही पण.

दादा: मी ठेवल्या होत्या त्या सळया सरळ होत्या. शपथेवर सांगतो, सरळ होत्या.

साउंडवाला: आता बाहेर आल्यात. माणसाचं पोट सुटतं तशा.

दादा: गिलावा करून घेऊ. लगेच. आजच्या आज माणूस बोलावतो.

वहिनी: अहो, गप्प बसा. जरा गप्प बसा. ते ऐकू येतंय का कुणाला?

साउंडवाला: काय?

वहिनी: वाळू. उरलेल्या पॅनेलमागून वाळू पडतेय. बारीक.

साउंडवाला: माझा एक दोस्त बांधकामाचा इंजिनिअर आहे. त्याला फोटो पाठवतो. थांबा... गेला. तो सहसा उत्तर... आला त्याचा फोन. हॅलो. हां, मी आत्ता तिथेच उभा आहे. वर? वर एक मजला, त्यावर गच्ची. हो. एक आजी. हो, बरोबर त्याच्याच वर. नाही, चालता येतं, पण हळू. हो. हो. बरं.

दादा: काय म्हणाला? किती दिवस आहेत म्हणाला?

साउंडवाला: दिवस नाही म्हणाला, दादा. बाहेर पडा म्हणाला. आणि वर वजन वाढवू नका. आजींना आणायला एकानेच जायचं. हलक्यात हलक्याने.

दादा: आई माझी आहे. मी जातो.

वहिनी: तुम्ही शहाऐंशी किलोचे. मी जाणार. हे माझं रोजचं काम आहे, त्यात वाद नको.

दादा: तिला काय सांगशील?

वहिनी: काही नाही सांगणार. घाबरल्या तर पाय उचलणार नाहीत. सांगते, डॉक्टर खाली आलेत तपासायला.

साउंडवाला: वहिनी, ऐका. खोलीच्या मधून नका आणू. दाराकडच्या भिंतीला धरून या, त्या कोपऱ्यापासून लांब. मी इथे ठिपक्याकडे बघतो. तो जास्त चढला की ओरडतो, थांबा म्हणून. थांबायचं. खाली उतरला की पुढे.

वहिनी: ठिपक्याचं तुम्ही बघा. माझं मी बघते.

दादा: तू बाहेर हो.

साउंडवाला: मी?

दादा: तू जिन्यात उभा राहा. ठिपक्याकडे मी बघणार. ही खोली माझी आहे. हे सगळं माझं आहे.

साउंडवाला: दादा, तो कोपरा मध्ये येतोय, असं मीच बोललो होतो.

दादा: तू नुसतं बोललास. घण मी आणला. जा म्हणतो ना! तुला पोरंबाळं असतील.

साउंडवाला: मी जिन्याच्या अर्ध्यावर आहे. ऐकू येतंय का माझं? त्या खोलीत पोचल्या.

दादा: येतंय. ठिपका दोन बोटं वर.

साउंडवाला: आजी उठतायत. नको म्हणतायत, पाय दुखतात.

दादा: सांग, मी बोलावलंय म्हणून सांग! सांग, तुझा मुलगा बोलावतोय!

साउंडवाला: आजी, दादा बोलावतायत! खाली या! ...उठल्या. टाकलं पाऊल.

दादा: थांबा! थांबा, थांबा. खुर्चीच्या कडेपर्यंत गेला.

साउंडवाला: वहिनी, थांबा! ...थांबल्या. उतरला का?

दादा: उतरतोय. हळू उतरतोय. अजून कडेलाच आहे... उतर ना रे... हां. चला.

साउंडवाला: चला, वहिनी! दोन पावलं. तिसरं. भिंतीला टेकल्या.

दादा: थांबा!

साउंडवाला: थांबा!

दादा: ठिपका गेला.

साउंडवाला: कुठे गेला?

दादा: खुर्चीवर नाहीये. मागच्या भिंतीवर गेला. फोटोच्या काचेवर लागलाय.

साउंडवाला: परत येतोय का?

दादा: नाही.

साउंडवाला: दादा?

दादा: नाही येत. आता थांबायचं नाही म्हणावं. उचल म्हणावं तिला! उचल आणि आण!

साउंडवाला: वहिनी, उचला! ...उचललं! वॉकर टाकून दिला त्यांनी. दार अडलंय, दार उघडत नाहीये पुरतं... आल्या, आडव्या होऊन आल्या. जिन्याशी आल्या. मी घेतो आजींना. दादा, बाहेर या! मेन स्विच बंद करा आणि या! ...अहो, ते काय उचलताय? खुर्ची सोडा ती!

दादा: आईला उभं राहवत नाही.

साउंडवाला: फुटपाथवर बसतील त्या! सोडा!

दादा: हो बाजूला. आता इथे हिचं काही काम नाही.

(रस्त्याच्या पलीकडची बाजू. एका बंद दुकानाच्या पायरीपाशी ऐकायची खुर्ची ठेवली आहे. तीत आई बसल्या आहेत, घराकडे तोंड करून.)

आई: डॉक्टर कुठे आहेत?

वहिनी: येतायत, आई. पाय दुखतोय का? इथे दाबलं की?

आई: तू मला पोत्यासारखी उचललीस, तेव्हा कुठे काय दुखतंय ते कळायला वेळ लागेल. एवढी कसली घाई होती गं?

वहिनी: सांगते. आधी पाणी प्या दोन घोट.

साउंडवाला: फोन लागला. अग्निशमनवाले निघालेत. मी शेजारच्यांनाही हाका मारून बाहेर काढलं. रस्ता मोकळा ठेवा म्हणाले.

वहिनी: भाऊ, झालं तुमचं काम. बसा त्या पायरीवर. मान खाली घाला. बरं वाटेल.

साउंडवाला: मी दोनदा येऊन सरळ करून गेलो, वहिनी. दोनदा त्या डब्याने सांगितलं आणि दोनदा मी पान्याने त्याचं तोंड बंद केलं. आज तिसऱ्यांदासुद्धा केलंच होतं. एवढ्यात आजी चालल्या नसत्या, तर मी चहा पिऊन घरी गेलो असतो.

वहिनी: मी नाही का सुताराला बोलावलं? दोनदा? सगळ्यांनी आपापली हत्यारं चालवली.

आई: ही खुर्ची चांगली आहे रे. पाठीला कशी बसते. इतक्या दिवसांत एकदाही म्हणाला नाहीस, आई, बस म्हणून.

दादा: चुकलं माझं.

आई: एवढ्याशा गोष्टीला रडतोस काय? अगं, हा रडतोय बघ.

दादा: खुर्चीचं नाही, आई. माझं सगळंच चुकलं.

आई: आणि गाणी का बंद केलीस? माझ्या उशाशी तो कोपरा आहे ना, त्याला कान टेकवून रोज रात्री ऐकत पडायची मी. बाई अशी गायची, जशी काही भिंतीतच राहते. तुला वाटायचं आई झोपलीय. मग एक दिवस काहीच येईना. म्हटलं, आता आपले कान गेले. तुम्हाला उगाच कशाला सांगा, आधीच माझं एवढं करावं लागतं.

वहिनी: मला सांगितलंत तुम्ही, आई. मी यांना सांगितलं.

दादा: मी म्हणालो, पॅनेल आहे म्हणून. मी म्हणालो, वय झालं.

साउंडवाला: दादा, दार उघडं राहिलंय का हो घराचं?

दादा: लोटलं होतं. लागलं नाही.

वहिनी: राहू दे.

दादा: मी पटकन जाऊन...

वहिनी: एक पाऊल टाकलंत तर पाय मोडून ठेवीन. इथे उभे राहा. आईंचा हात धरा.

आई: श्श. गप्प व्हा जरा सगळे.

दादा: काय झालं?

आई: ऐकू येतंय मला. कान शाबूत आहेत माझे. आता लावलंस होय? मला बाहेर आणून?

दादा: काय लावलं, आई? सगळं बंद आहे. मेन स्विच पाडून आलोय मी.

आई: मग आतून हा करकरत घुमणारा आवाज कसला येतोय?

वहिनी: कुठून येतोय, आई? डावीकडून?

आई: नाही गं. अगदी मधोमध.